निर्माल्याची होडी

पुष्कळांना आयुष्यात हवे ते मिळते; पण मिळते तेव्हा केस पिकलेले असतात. अशा वेळी माणसाच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो ‘आता काय उपयोग?’ हा. हातात आलेले फळ चाखण्याआधीच ते इतकी वर्षे झाडावर का राहिले, याचा काथ्याकूट सुरू होतो आणि त्या काथ्याकुटात फळाचा अर्धा रस आटून जातो. कृतज्ञता हा शब्द आपण सहसा उपकारांच्या संदर्भात योजतो. परंतु तिचे एक अधिक सूक्ष्म रूप आहे. जे मिळाले ते वेळेवरच मिळाले असे मानणे, हे ते रूप होय. असे मानण्यात भाबडेपणा नसतो. आपले काय हुकले हे त्या माणसाला नीट ठाऊक असते. तरी तो ते बोलून दाखवीत नाही, कारण पुढ्यात आलेल्या गोष्टीचा त्याने अवमान होईल असे त्याला वाटते. देवळात प्रसाद हातावर पडला की आपण तो डोळ्यांना लावतो. रांगेत किती वेळ उभे राहावे लागले, हे त्या क्षणी कोणी काढीत नाही.

बोरिवलीच्या वनमालाबाई आठल्ये यांनी उतारवयात वाट्याला आलेले सगळेच असे डोळ्यांना लावून घेतले. त्यातही विशेषेकरून होडी.

त्यांचे पती विद्याधरपंत हे गिरगावातल्या एका शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकवीत होते. धातुरूपांत त्यांच्याकडून कधी चूक झाली नाही. परंतु आपल्या पत्नीला काय आवडते, हे त्यांना लग्नानंतर चव्वेचाळीस वर्षांनी कळले, आणि तेही विहिरीत फुले कुजल्यामुळे.

पंत निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलाने, शरच्चंद्राने, बोरिवलीस पश्चिमेला तीन खोल्यांचे कौलारू घर घेतले. बोरिवली तेव्हा मुंबईत मोडत नव्हती. घरापुढे आंब्याची दोन झाडे, मागे भातशेते, शेतांपलीकडे मिठागरे आणि मिठागरांना वळसा घालून गोराईकडे जाणारी खाडी, असा तो परिसर. शरच्चंद्र फोर्टात विमा कंपनीच्या कचेरीत होता. सकाळी आठला जाई, संध्याकाळी सातला येई. सून वसुधा चतुर होती, मोजके बोलणारी. देवपूजा पंतांची, पूजेची तयारी वनमालाबाईंची. घरातली सगळी माणसे त्यांना माई म्हणत, आणि वर्षभरात आळीही म्हणू लागली.

देवावरून उतरलेली फुले, ज्यांना निर्माल्य म्हणतात, ती पायदळी येऊ द्यायची नाहीत, पाण्यात सोडायची, असा प्रघात आहे. आळीतली सारी घरे ती शेजारच्या वाडीतल्या विहिरीत सोडीत. त्रेपन्न साली विहिरीच्या मालकाने एके सकाळी रहाटाशी उभे राहून सर्वांना ऐकवले, “तुमच्या देवांनी माझ्या पाण्याला वास आणला! उद्यापासून एक पाकळी दिसली तर रहाट काढून ठेवीन.” वनमालाबाईंनी निर्माल्याची पिशवी विहिरीच्या काठावरून मुकाट्याने परत आणली आणि पंतांना म्हणाल्या, “अहो, खाडी काही लांब नाही. अर्ध्या तासाची वाट. मी सोडून येत जाईन.”

“एकटी?”

“तुम्हीही चला. पाय मोकळे होतील.”

त्या दिवशी ओहोटी होती. काठापासून पाण्यापर्यंत पन्नास पावले नुसता काळा गाळ. पंत छत्री टेकून उभे राहिले. एवढ्या चिखलात देवाची फुले टाकावी कशी, हा त्यांच्यापुढे शास्त्रार्थाचा प्रश्न होता. तेवढ्यात गाळावरून पाण्यापर्यंत गेलेल्या धक्क्याशी बांधलेल्या लहानशा होडीतून एक पिकल्या मिशांचा माणूस म्हणाला, “बाय, फुला सोडूची हत ना? होडयेत बसा. मधल्या पाण्यात सोडा. हय सोडलास तर कावळे खातले.”

हा धाकू. मूळचा मालवणकडचा. वीस वर्षे परळच्या गिरणीत राबल्यावर कापसाच्या तुसाने छाती धरली, म्हणून मेहुण्याच्या आधाराने बोरिवलीला आला आणि होडी घेऊन माणसे पार करू लागला.

वनमालाबाईंनी उत्तर दिले ते पंतांना चटकन समजले नाही. त्या म्हणाल्या, “बसतंय रे बाबा. पण तुझ्या वल्ह्याची दोरी सैल झाली हा. आवाज ऐकतंय मी मगापासून.”

धाकूने आधी दोरीकडे पाहिले, मग नऊवारीतल्या या गोऱ्या, घाऱ्या बाईकडे. “तुमी आमच्या वाटेच्या?”

“देवगडची. खाडीकाठची.”

पंत काठावरच राहिले. चव्वेचाळीस वर्षे जिच्या हातचे जेवलो तिच्या तोंडची ही बोली आपण आज प्रथम ऐकत आहो, हे त्यांच्या ध्यानात आले आणि ते कारण नसताना छत्री उघडून उभे राहिले. होडी मधल्या पाण्यात गेली. निर्माल्य सोडलेले दिसले. होडी तिथेच थांबली, दोघांचे काही बोलणे झाले, आणि धाकू उठून पुढच्या टोकाला जाऊन बसला. वल्ही वनमालाबाईंच्या हाती आली होती. पहिले दोन हात वाकडे पडले. तिसऱ्या हाताला होडी सरळ झाली आणि वल्ह्यांचा करकरणारा आवाज बंद पडून नुसता पाण्याचा आवाज येऊ लागला.

परत येताना शेतांच्या बांधावर पंतांनी विचारले, “हे कधी शिकलीस?”

तेव्हा त्यांना ती हकीगत समजली. वनमालाबाईंचे वडील पैलतीरावरच्या देवळाचे पुजारी होते. थोरला भाऊ अध्ययनाला राजापुरास गेल्यावर वडिलांना रोज पहाटे पलीकडे नेणार कोण, हा प्रश्न पडला. तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीने वल्ही उचलली. तेराव्या वर्षी लग्न होईपर्यंत, चार वर्षे, ती वडिलांना नेत-आणीत होती. वडील समोर बसून स्तोत्रे म्हणत, ती वल्हवी. गावात कुजबूज झाली. आईने डोक्याला हात लावला. वडील एवढेच म्हणाले, “वल्हवल्याने मुलगी बाटत नाही, हात बळकट होतात.” मुलीला त्यांनी एकच धडा दिला होता. ओढ असेल तिकडे आधी थोडे जावे, पाण्याचे ऐकून घ्यावे, आणि मग आपले म्हणणे मांडावे. लग्नाचे वऱ्हाड खाडी उतरले तेव्हा होडी दुसऱ्याच कोणी वल्हवली. नवरीचे हात हळदीचे होते.

“आणि त्यानंतर?” पंतांनी विचारले.

“त्यानंतर आज.”

पण पंतांना आता एक जुनी संध्याकाळ आठवली. अंधेरीस बिऱ्हाड असताना, सत्तावीस सालच्या सुमारास, मुलांना घेऊन ते वेसाव्याहून मढला होडीने गेले होते. वनमालाबाई तेव्हा एकतीस वर्षांच्या. मांडीवर धाकटे मूल होते आणि मुलाच्या पाठीवर त्यांची बोटे होडीवाल्याच्या प्रत्येक हातासरशी मिटत होती, उघडत होती. मुलाला थोपटते आहे, असे पंतांना त्या वेळी वाटले होते.

“मला कधी सांगितलं नाहीस,” ते म्हणाले.

“तुम्ही कधी खाडीकाठी राहिलात?” वनमालाबाई हसून म्हणाल्या. “गिरगावात होडी काय न्हाणीघरात घालायची?”

पुढली तीन वर्षे हा क्रम चालला. पावसाळ्याचे चार महिने खाडीत उतरायचे नाही. एरवी पंधरवड्यातून दोनदा तरी जायचे. आळीतल्या घरांचे निर्माल्यही माईंकडे येऊ लागले. त्यातही एक गंमत होती. पिशवी भरल्याशिवाय खाडीवर जाण्याला कारण नाही, हे वनमालाबाईंनी स्वतःवरच घालून घेतलेले बंधन होते. त्यामुळे देवांवरची फुले हळूहळू वाढत चालली. पूर्वी बाळकृष्णाला एक तगरीचे फूल पुरे. आता तो तगरीत गळ्याएवढा बुडालेला असे. पंतांना ते पत्नीच्या वाढत्या भक्तीचे लक्षण वाटले. वसुधा परडीकडे पाही, सासूकडे पाही आणि काही बोलत नसे.

पंतांनीही या व्यवहारात आपले आसन शोधले. धाकूने एकदा सहज सांगितले होते की कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. “ह्या आपला ढोबळ,” तो म्हणाला होता, “शेवटी डोळो व्हयो.” पंतांनी पहिला भाग घेतला, दुसरा सोडला. जन्मभर ज्या पंचांगावरून एकादश्या आणि श्राद्धे काढली त्यातून पाण्याची गती निघते, या गोष्टीने ते इतके हरखले की त्यांनी दाराशी एक पाटी टांगली आणि रोज सकाळी खडूने तीवर लिहू लागले, ‘आज पूर्ण भरती ४.३०’. मिठागरावरचे मुकादमदेखील जाता जाता पाटी वाचीत. चौतीस वर्षे मुलांनी ज्यांचे शिकवणे परीक्षेपुरते ऐकले, त्यांच्या अक्षरावर आता समुद्र चालत होता.

छप्पन सालच्या फाल्गुनात शुक्ल षष्ठीचा क्षय होता. क्षयतिथी म्हणजे जी एका सूर्योदयानंतर लागते आणि दुसऱ्या सूर्योदयापूर्वी संपते. पंचांगाच्या दिवसांत तिला जागाच मिळत नाही. काल पंचमी होती, आज एकदम सप्तमी. पंतांनी सप्तमीची पाऊणपट केली आणि पाटीवर सव्वापाच लिहिले. खाडीने मात्र कालच्या वेळेत नेहमीचा पाऊण तासच मिळवला होता. तिची भरती साडेचारचीच होती.

चारच्या सुमारास तिघे निघाले. तिवरांच्या झाडीत शिरणारा एक अरुंद फाटा होता. त्याच्या तोंडाशी गाळाचा उंचवटा असल्यामुळे पुऱ्या भरतीलाच आत जाता येई. थंडीत तिथे लांब चोचीचे पक्षी उतरत. ते वनमालाबाईंना फार आवडत. फाट्यात शिरून थोडा वेळ गेला असेल नसेल, धाकूने पाण्यात एक काडी टाकली आणि म्हणाला, “मास्तर, पाणी फिरला.”

पंतांनी साखळीचे घड्याळ काढले. “अजून अर्धा तास आहे.”

“काडी भायर चालली हा.”

“वाऱ्याने.”

धाकूने मिशांवरून हात फिरवला. “बरा. शास्त्र तुमचा, चिखल माझो.”

वनमालाबाईंनीही पाण्याकडे पाहिले होते. पाणी फिरल्याचे त्यांना दिसले नसेल असे नाही. पण पंत मोठ्या उत्साहाने पक्ष्यांची संस्कृत नावे सांगत होते, आणि पंतांना अशा आनंदात त्यांनी पुष्कळ वर्षांत पाहिले नव्हते. त्या गप्प राहिल्या.

पावणेसहाला होडी परत वळवली तेव्हा उंचवट्यावर वीतभर पाणी उरले होते. होडीचा तळ घासला, करकरला, आणि होडी एखाद्या म्हशीसारखी गाळात बसली. धाकू उतरून ढकलू लागला; तो गुडघाभर रुतला, होडी तसूभर हलली नाही. पाणी त्यांच्या देखत निघून जात होते.

“पुढली भरती?” पंतांनी विचारले. त्यांचा आवाज उतरला होता.

“आता एकदम पहाटेक,” धाकू म्हणाला. “पंचांगात बघा जरा.”

या बोलण्यावर वनमालाबाई हसू लागल्या. तोंडाला पदर लावूनही ते हसू आवरेना. होडी हलत नव्हती, पण त्या हलत होत्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “एवढं तोंड पाडू नका. माझे वडील एकदा नैवेद्याच्या ताटासकट दोन तास रुतले होते. शेवटी नैवेद्य आम्हीच खाल्ला.”

धाकूने हाका घातल्या. मिठागरावरची चार माणसे मीठ ओढण्याच्या लांब फळ्या घेऊन आली आणि गाळावर एकापुढे एक फळ्या टाकीत त्यांनी वाट केली. साठ वर्षांच्या वनमालाबाई कासोटा वर खोचून, धाकूच्या खांद्याला धरून, त्या वाटेने चालत आल्या. पंत मागून आले. त्यांचा एक जोडा खाडीत राहिला. बांधावर दिवेलागणीच्या उजेडात शरच्चंद्र उभा होता. कचेरीतून येताच आळीतल्या कोणी त्याला सांगितले होते की तुझे आईवडील खाडीत अडकले आहेत.

तो दोघांना घेऊन निघाला. घरी आल्यावर आईच्या पायांवर वसुधेने पाणी घातले, चहा झाला, मग तो म्हणाला, “माई, होडी बंद.”

“चूक माझी आहे,” पंत म्हणाले. त्यांनी पंचांग उघडून क्षयतिथी दाखवली. “मी तिथी मोजली, दिवस मोजले नाहीत.”

“भाऊ,” शरच्चंद्र वडिलांना म्हणाला, “आज ही चूक झाली, पुढच्या वेळी दुसरी होईल. तिवरांत साप असतात. तुम्हाला दम लागतो, माईचे गुडघे दुखतात. आणि एवढं सगळं कशासाठी? फुलं सोडायला! मी दर रविवारी सायकलवरून जाऊन सोडून येईन. मग तर झालं?”

यात एक शब्द वावगा नव्हता. पोटच्या मुलाची काळजी होती आणि अडचणीवर तोडगाही होता. निर्माल्यासाठी जायचे असेल तर जाण्याची गरजच उरत नव्हती, आणि वनमालाबाईंनी तीन वर्षे सर्वांना हेच सांगितले होते की आपण निर्माल्यासाठी जातो. त्या म्हणाल्या, “बरं.”

दुसऱ्या दिवशी पंतांनी पाटी काढून कोनाड्यात पालथी ठेवली. त्यांना पत्नीचा एकच शब्द हवा होता, रागाचा. तुमच्या पंचांगापायी माझे गेले, असे ती एकदा म्हणती तर त्यांना झोप लागती. पण वनमालाबाई नेहमीप्रमाणे ताकाला रवी लावीत होत्या, पापड लाटीत होत्या. फक्त परडी रिकामी राहू लागली. बाळकृष्णाचा चेहरा तीन वर्षांनी स्पष्ट दिसू लागला. त्याच्या डोक्यावर एक तुळशीचे पान होते.

पाचव्या दिवशी दुपारी पंतांनी न राहवून विचारले, “वाईट वाटतं का?”

वनमालाबाई तांदूळ निवडीत होत्या. “वाटतं,” त्या म्हणाल्या. “पण अहो, तेराव्या वर्षी होडी सुटली तेव्हा पुन्हा मिळेल असं कोणी सांगितलं होतं? तीन वर्षं मिळाली. ती काही कोणी परत घेत नाही.”

“मी तुला चव्वेचाळीस वर्षं विचारलं नाही.”

“आणि मग विचारलंत. त्याच दिवशी, बांधावर. मला अजून आठवतं, छत्री उघडी होती तुमची, ऊन नसताना.”

पंत उठून माजघरात गेले. कृतज्ञतेवर त्यांनी वर्गात पुष्कळ श्लोक शिकवले होते. पण आपल्या अपराधाच्या बदल्यात कोणी आपल्याविषयी कृतज्ञ राहिले तर ते सोसायचे कसे, हे कोणत्याही श्लोकात नव्हते. तिने भांडावे, असे त्यांना वाटत होते. आणि तिच्यासाठी आपण भांडावे तर कोणत्या तोंडाने, हेही त्यांना कळत नव्हते.

रविवार उजाडला. शरच्चंद्राने सायकल काढली, आळीभरची पिशवी मागे बांधली. वसुधा दारात आली.

“नेताय?”

“मग? सांगितलं होतं ना.”

“न्या. पण त्याआधी माईंना एक विचारा. गेली तीन वर्षं आपल्या देवांना एवढी फुलं का लागत होती, आणि गेल्या आठ दिवसांत का लागली नाहीत?”

“हे काय कोडं?”

“कोडं नाही. विचारा.”

पंत ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसले होते; त्यांनी ते खाली ठेवले. आत वनमालाबाई सहाणेवर गंध उगाळीत होत्या. त्यांचा हात थांबला. सून काय विचारायला लावते आहे हे त्यांना कळले होते, आणि उत्तर दिले तर साठ वर्षांच्या, नातवंडांच्या आजीने आळीदेखत काय कबूल केले असे होईल, हेही कळले होते. देवाच्या कामाला जाते म्हणणाऱ्या बाईला कोणी हसत नाही. मला मजा वाटते म्हणून जाते, म्हणणाऱ्या बाईला हसतात. ‘देवाची इच्छा’ एवढे म्हटले असते तरी तो प्रसंग निभावला असता.

त्या गंधाचा हात पदराला पुसत बाहेर आल्या.

“शरद, निर्माल्य हे निमित्त होतं,” त्या म्हणाल्या. “मला वल्हवायला आवडतं. पिशवी भरावी म्हणून मी फुलं वाढवीत होते. देवाच्या नावावर मी माझी हौस करून घेतली. तू फुलं नेलीस तर फुलांचं काम होईल. माझं नाही होणार.”

शेजारच्या ओसरीवर प्रेमाबाई भात वाळत घालीत होत्या. त्यांचे सूप हातातल्या हातात राहिले.

शरच्चंद्राच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो अगदी गोंधळून गेला होता. “वल्हवायला?” तो म्हणाला. “म्हणजे तू वल्हवतेस? धाकू नाही?”

तेव्हा पंतांच्या लक्षात आले की ही गोष्ट मुलाला कोणी सांगितलीच नव्हती. आई होडीत मांडी घालून बसते आणि फुले सोडून येते, एवढेच चित्र त्याच्यापाशी होते. ज्याच्या पाठीवर मढच्या होडीत ती बोटे मिटत-उघडत होती ते मूल हाच होता. पंत उठले. आठ दिवसांनी त्यांना आपली वाचा सापडली. “तुझी आई वयाच्या नवव्या वर्षी भर प्रवाहात खाडी पार करीत असे,” ते म्हणाले. “मला पंचांग कळतं, तिला पाणी कळतं. त्या दिवशी पंचांगाऐवजी तिला विचारलं असतं तर माझा जोडा वाचला असता. बंद करायचं असेल तर माझं पंचांग बंद कर. आणि बंदी घालण्यापूर्वी एकदा बघ तरी.”

शरच्चंद्राने सायकल भिंतीला टेकवली. तो त्याच दिवशी आईबरोबर गेला. भरतीची वेळ धाकूला विचारून. वनमालाबाईंनी त्याला समोर बसवले आणि मधल्या पाण्यापर्यंत नेले. परतताना वारा आडवा आला. तेव्हा त्यांनी होडी आधी वाऱ्याबरोबर थोडी जाऊ दिली आणि मग हलकेच धक्क्याकडे वळवली. धक्क्यावर पंत उभे होते.

“काय साहेब,” धाकूने विचारले, “म्हातारेचो हात बघितलास?”

“बघितला,” शरच्चंद्र म्हणाला. मग आईकडे वळून, “माई, पण त्या तिवरांच्या फाट्यात नाही जायचं. एवढं तरी ऐक.”

“तिथले पक्षी आता गेले रे,” वनमालाबाई म्हणाल्या. “पुढल्या थंडीत भांडू.”

पाटी पुन्हा दाराशी आली. तीवर पंतांनी सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘वेळ धाकूस विचारावी’. मिठागरावरचे मुकादम ती वाचून हसत, आणि पंतही त्यांच्याबरोबर हसत. धाकूने माईंसाठी हाताच्या मापाची, वीतभर आखूड वल्ही करून आणली. निर्माल्याची पिशवी पुढेही जात राहिली, परंतु आता ती भरण्याची वाट कोणी पाहत नसे.

प्रेमाबाईंनी ते बोलणे ऐकले होते. दोन महिने त्यांनी कळ काढली आणि मग एके दुपारी त्या रिकाम्या हाताने आल्या. “माई, माझ्याकडे निर्माल्य नाही,” त्या म्हणाल्या, “पण येऊ का?” त्यांच्यामागून आणखी बायका आल्या. काही एकदा बसून भ्यायल्या आणि पुन्हा फिरकल्या नाहीत. काही राहिल्या. वनमालाबाई त्यांना वल्ही धरायला शिकवीत, आणि शिकवताना वडिलांचेच शब्द वापरीत. एखादीने ‘या वयात कसलं जमतंय’ म्हटले की त्या म्हणत, “मला कुठे लवकर जमलं? हात वाकडा पडू दे. तिसरा सरळ पडेल.”

एकोणसाठ सालच्या भाद्रपदात त्यांना ताप आला. डॉक्टर येऊन जात होते. शेवटल्या आठवड्यात त्यांनी एकेकाला जवळ बोलावून त्याने आपल्यासाठी काय केले ते सांगितले. वसुधेला त्या म्हणाल्या की तू विचारायला लावलेस म्हणून मी बोलले. शरच्चंद्राला म्हणाल्या की तू आलास, पाहिलेस, आणि ऐकलेस. धाकू दाराबाहेर उभा होता. त्याला आत बोलावून त्यांनी त्याच्याशी त्याच्याच बोलीत काही सांगितले, आणि तो डोळे पुसत बाहेर आला. पंतांना त्यांनी काही सांगितले नाही. नुसता त्यांचा हात धरून ठेवला. त्यांची बोटे मधूनमधून मिटत होती, उघडत होती, आणि या वेळी पंतांना त्याचा अर्थ कोणी सांगण्याची गरज नव्हती.

त्यांना जाऊन आता काही काळ लोटला आहे. बोरिवलीच्या त्या आळीतल्या पाच बायकांना होडी वल्हवता येते.